कोकमतेलाच्या स्लाइड

डोंबिवली एमआयडीसीतल्या एका प्रयोगशाळेत गर्ट्रूड मिस्किटा एकवीस वर्षं एकच काम करत होती. उंदरांच्या हाडांतल्या मज्जेच्या स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायच्या आणि पेशींमधले ठिपके मोजायचे. एखाद्या तेलाने किंवा औषधाने गुणसूत्रं तुटत असतील, तर तुटका तुकडा पेशीत ठिपक्यासारखा मागे राहतो. दोन हजार पेशींत दोन-चार ठिपके चालतात. त्याहून फार झाले, तर ते माणसाच्या पोटात जायला नको.

स्लाइडवर फक्त नंबर असायचा. प्रत्येक स्लाइड दोघांनी वेगवेगळी वाचायची आणि आकडे देईपर्यंत एकमेकांशी त्याबद्दल बोलायचं नाही, असा नियम. दुसरा वाचणारा सौमित्र पलीकडच्या खोलीत बसे. नऊ वर्षांत त्यांचं बोलणं ‘गुड मॉर्निंग’पलीकडे गेलं नव्हतं. गर्ट्रूड डबाही आपल्याच खोलीत खायची. नवरा गेल्यापासून ठाण्याच्या घरातही ती एकटीच होती. मुलगी मिशेल मेलबर्नला.

फेब्रुवारीत एका कारखान्याचं कोकमतेल तपासायला आलं. त्यांना ते खाण्यासाठी विकायचं होतं. गर्ट्रूड मोजू लागली. नऊ. अकरा. तेरा. इतक्या वर्षांत असं क्वचितच सापडलं होतं. त्या संध्याकाळी घरी जाऊन तिने टाचांना लावायचा कोकमतेलाचा गोळा कचऱ्यात टाकला आणि मिशेलला फोन लावला.

“मम्मी, मीटिंगमध्ये आहे, नंतर करते.”

फोन आला नाही.

आठवड्याने कुठला नंबर कुठल्या उंदराचा ते उघडलं, तेव्हा विभागप्रमुख सोनलने तिला बोलावलं.

“मॅडम, ज्या उंदरांना कोकमतेल दिलंच नाही, त्यांच्यातही तुमचे आकडे दहाच्या वर आहेत. सौमित्रचे दोन-तीन.” सोनल अवघडली. “रंग नीट बसला नसेल. तिसऱ्याकडून वाचून घेते. तुम्ही टेन्शन घेऊ नका.”

गर्ट्रूड खोलीत परतली. गप्प राहिली असती तर विषय तिथेच संपला असता. दुसऱ्या दिवशी ती स्वतःच सोनलकडे गेली.

“मी दोन वर्षांपूर्वी वाचलेली एखादी स्लाइड दे. नंबर झाकून.”

तिने ती दुपारभर वाचली. बारा ठिपके. जुन्या नोंदीत तीन होते.

“रंगाचा कण असला की फोकस हलवताना तो चमकतो,” ती म्हणाली. “त्यावरून कण कुठला, ठिपका कुठला ते कळतं. मला ती चमकच दिसत नाही गं.”

“कधीपासून?”

“माहीत नाही. दिवाळीत दिवे धूसर दिसत होते, तेव्हापासून मी वाचलेलं सगळं पुन्हा वाचून घे.”

“पाच अभ्यास आहेत, मॅडम. चारांचे रिपोर्ट गेलेत.”

“मग त्यांना कळव.”

सोनलने पत्रं पाठवली. फेरवाचन सात आठवडे चाललं. एकाही अभ्यासाचा निष्कर्ष बदलला नाही. कोकमतेलही निर्धोक निघालं. गर्ट्रूडच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता.

“ऑपरेशनला सोबत कुणीतरी हवं,” डॉक्टर म्हणाले.

घरी तिने फोनमधली नावं खालीवर केली. चर्चमधल्या बायका होत्या, पण त्यांच्या घरी ती कित्येक वर्षांत गेली नव्हती. शेवटी दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत तिने सौमित्रच्या खोलीच्या दारावर टकटक केली.

ऑपरेशनच्या दिवशी तो आला. दवाखान्यात तीन तास बसला आणि रिक्षाने तिला घरी घेऊन आला. तिच्या डोळ्यात थेंब घातले, मग खुर्चीत अवघडून बसून राहिला.

“मला वाटायचं, तुम्हाला माझ्याशी बोलायचं नसतं,” तो म्हणाला.

“नियम होता ना.”

“नियम स्लाइडपुरता होता, मॅडम.”

चहा करायला ती उठू लागली, त्याने बसवलं. सहाला तो निघाला, बायको वाट बघत होती. जिन्यावरची त्याची पावलं ती खालपर्यंत ऐकत राहिली.

दुसऱ्या डोळ्याचंही ऑपरेशन झालं. नजर साफ झाली, पण पुन्हा वाचायला बसायचं तर पात्रता परीक्षा द्यावी लागत होती. ती तिने दिली नाही. सोनलला सांगून ती स्लाइड रंगवायच्या विभागात गेली. तिथे रुचिता आणि समीक्षा दिवसभर बोलत असतात, मुलांच्या शाळेबद्दल, सासूबद्दल, खडवलीला घेतलेल्या प्लॉटबद्दल. गर्ट्रूड स्लाइड रंगात बुडवते, वेळ बघते, बाहेर काढते. काय बोलावं हे तिला अजून कळत नाही. डबा मात्र ती आता त्यांच्या टेबलावर उघडते.