झोमार्तने बसवलेले ठेके

झोमार्तला अर्धांगाचा झटका आला, तेव्हा आम्ही दोघं एकाच बँडमध्ये एकोणीस वर्षं वाजवत होतो. तो ड्रमवर, मी बेस गिटारवर. आमच्या करागांदा शहरात कुणाच्या लग्नाचा तोय, म्हणजे नाचगाण्याचा सोहळा, असो की साठीची मेजवानी, आम्ही असायचोच. दवाखान्यातून तो घरी आला तो उजवा हात बाहीत लोंबता ठेवून, उजवा पाय ओढत. बोलणं थोडं जड झालं होतं, पण थट्टा सुटली नव्हती. पहिल्याच दिवशी ताटावर बसून म्हणाला, "राऊश, तुझी आई वरून बघत असणार. जावई डाव्या हाताने बेशबारमाक खातोय म्हणून कपाळ बडवत असेल."

बँड येर्केबुलानचा. गायचाही तोच. झोमार्तला तो थोरला भाऊ मानतो, मानाने 'झोके' म्हणतो. म्हणून मी त्याची झेंगे, म्हणजे वहिनी. चार महिने त्याने वाट पाहिली, मिळतील ती कामं कशीबशी निभावली. मग तेमिरलान नावाचा नवा ड्रमवाला घेतला. मला फोन करून म्हणाला, "झेंगे, तुमची जागा तुमचीच आहे. फक्त हात चालू ठेवा."

हात आखडले होते. आणि घरात साथीला कोण? इंटरनेटवर नुसत्या ड्रमचे ट्रॅक मिळतात, ते उतरवून घेतले. जेवणानंतर झोमार्त झोपला की स्वयंपाकघराचं दार लोटायचं, कानाला हेडफोन लावायचा आणि वाजवायचं. चोरी कसली होती? पण उपाशी माणसासमोर पान वाढून बसल्यासारखं वाटायचं.

एका दुपारी हेडफोनची वायर निसटली आणि ड्रम स्वयंपाकघरभर घुमले. मी बंद करेपर्यंत झोमार्त दारात उभा होता.

"कोण हा?"

"कोणी नाही. कॉम्प्युटरवरचा आहे."

"तरीच. मेला श्वाससुद्धा घेत नाही." तो स्टुलावर टेकला. "म्हणजे माझ्या घरात माझी बायको परक्या ड्रमवाल्याबरोबर! तेही दार लावून!"

मी हसले आणि हसता हसता रडायला लागले. त्याने मला रडू दिलं. मग म्हणाला, "मी करून देतो तुला ठेके. डावा हात आहे ना अजून."

संस्कृती भवनात तो पूर्वी मुलांना शिकवायचा. तिथून त्याने रबराचे पॅड मागवले. बोटाने ठोकले की कॉम्प्युटरमध्ये ड्रम उमटतो. एकच हात, म्हणून आधी नुसता मोठा ढोल, मग त्यावर छोटा कडक स्नेअर ड्रम, मग झांजा, असं थरावर थर चढवायचं. चुकलेला ठोका कॉम्प्युटर आपोआप सरळ करतो. ती सोय त्याने सगळ्यात आधी बंद केली. "सरळ करत बसलं की त्यातला माणूस निघून जातो," म्हणाला. तीन मिनिटांच्या पहिल्या ठेक्याला तीन आठवडे लागले. पण त्या तीन आठवड्यांत तो रोज दाढी करू लागला. ताटातलं संपवू लागला. खालच्या मजल्यावरची शेजारीण आवाजाला वैतागून पाइप ठोकायची, तेव्हा तिला वरून ओरडायचा, "आपा, तुम्हीही लयीत ठोका जरा!"

मग एकदा हाक मारली. "ये गं. तयार आहे."

मी गिटार घेतली. पहिली चार आवर्तनं छान गेली. पाचव्यात ठेका मागे रेंगाळू लागला. एक ठोका जरा उशिरा, पुढचा त्याहून उशिरा, मग एकदम ठीक, पुन्हा उशीर. मला वाटलं, माझंच चुकतंय. पुन्हा लावला. नाही, माझं चुकत नव्हतं. मी त्याच्याकडे बघितलं. डोळे मिटून तो मान डोलवत होता.

"कसा आहे?"

"अगदी तूच आहेस," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

मग सराव झाला आणि त्या हिवाळ्यात त्याने अकरा ठेके केले. मी रोज त्यांच्यावर वाजवायची, तो समोर बसायचा. प्रत्येक ठोक्यासाठी थांबायचं कसं, ते माझ्या बोटांना कळलं. घोटाळा झाला तो तिथेच.

फेब्रुवारीतल्या एका तालमीत येर्केबुलानने एकच गाणं तिसऱ्यांदा थांबवलं. तेमिरलानला चहा आणायला पाठवलं आणि माझ्याजवळ येऊन बसला.

"झेंगे, आम्ही सगळे पोचतो आणि तुम्ही अजून वाटेतच असता."

"हात आखडलेत रे."

"हात उत्तम आहेत. तुम्ही कुणासाठी तरी थांबताय."

मग मी सगळं सांगितलं. तो बराच वेळ हातातली टोपी फिरवत राहिला. "झोकेंनी केलेत?" एवढंच म्हणाला. मग खाली बघून, "मी तुम्हाला काढणार नाही. पण लोक नाचताना अडखळतात, झेंगे. तीन आठवड्यांवर तोय आहे."

मी दोन्ही सांभाळून बघितलं. सकाळी संस्कृती भवनाच्या कोट ठेवायच्या खोलीत कॉम्प्युटरच्या ड्रमबरोबर, दुपारी घरी त्याच्या ठेक्यावर. सकाळी सुधारलेलं दुपारी बिघडायचं. आणि त्यालाही जाणवू लागलं. "आज घाई करतेयस, राऊश." दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी तो जरा चिडून म्हणाला, "अगं, कुठे आग लागलीय? पळतेस काय?"

मी गिटार खाली ठेवली.

"मी पळत नाहीये. तुझा ठेका मागे पडतो, झोमार्त."

तो आधी हसलाच. "कुठे?"

मी ट्रॅक लावला, टेबलावर बोट आपटून दाखवलं. "इथे. हा बघ, इथेही."

"पुन्हा लाव."

पुन्हा लावला. मग त्याच्यामागून कॉम्प्युटरवरचा लावला. मग पुन्हा त्याचा. चहावर साय धरली. तो कान पुढे करून ऐकत होता. मला वाटलं होतं, भडकेल, पॅड आपटेल. पण तो हळूच म्हणाला,

"मला दोन्ही सारखेच वाटतात."

दहा मुलं एकदम वाजवत असताना केसभर चुकलेलं पोर हा माणूस पाठमोरा असताना ओळखायचा. मी त्याचा डावा हात धरायला गेले, तर त्याने तो मागे घेतला.

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"पहिल्या दिवसापासून."

"आणि तरी वाजवत राहिलीस." मग त्याने विचारलं, "तुझं वाजवणं बिघडलं का?"

मी ट्रॅक बंद केला. त्याला कळलं.

"हात गेला तेव्हा वाटलं होतं, चला, हातच गेला, कान तर आहेत," तो म्हणाला.

मग तो पॅडची वायर गुंडाळायला लागला. एका हाताने जमेना, तेव्हा दुसरं टोक माझ्याकडे दिलं. दोघांनी मिळून ती गुंडाळली. दुसऱ्या दिवशी पॅड परत गेले.

त्यानंतर माझा सराव कॉम्प्युटरबरोबर. "दार लावू नकोस, हेडफोनही नको, वाजू दे मोठ्याने," हे त्यानेच सांगितलं. पण तो दुसऱ्या खोलीत टीव्हीसमोर बसायचा, आणि मध्येच टीव्हीचा आवाज वाढायचा. दाढी वाढली. जेवायला तीन-तीन हाका माराव्या लागायच्या. ते अकरा ठेके मी पुसले नाहीत. लावलेही नाहीत.

तोयच्या दिवशी येर्केबुलान स्वतः गाडी घेऊन त्याला न्यायला आला. "झोके, तुम्ही नसलात तर मी गाणार नाही," म्हणून हटूनच बसला. झोमार्तला वडीलधाऱ्यांच्या टेबलावर बसवलं. लोक येऊन भेटत होते, ताटात मांस वाढत होते. आम्ही नाचाचं जलद गाणं घेतलं, माणसं उठली, आणि मला दिसलं की टेबलावर त्याची डावी बोटं ठेका धरतायत. आधी केसभर मागे, मग आणखी मागे. पॅड परत गेल्यापासून पहिल्यांदाच चेहरा खुलला होता. आणि माझी बोटं त्याच्यासाठी थांबू लागली.

मी त्या टेबलाकडे पाठ केली. मोठ्या ढोलाच्या पेडलवरच्या तेमिरलानच्या पायावर नजर खिळवली आणि गाणं संपेपर्यंत तिथून हलवली नाही. त्या दिवशी कुणी अडखळलं नाही.

परतताना गाडीत झोमार्त म्हणाला, "पोरगा चांगला आहे. त्याला सोडू नका."

"हो," मी म्हणाले.

मग घर येईपर्यंत तो खिडकीबाहेर बघत होता.