एरंडेलाची वाटी

धर्माजीला सगळं कळत असे. निदान तो तसं समजे आणि घरात त्याला नाही म्हणायची कोणाची छाती नव्हती. म्हणून थोरल्या सुनेचे, जमनाचे गुडघे सुजले तेव्हा औषधही त्यानंच ठरवलं. हा वात आहे आणि वातावर एरंडेल. दर अवसेला सुंठीच्या काढ्यात कालवलेलं वाटीभर एरंडेल, तेही त्याच्या डोळ्यांदेखत प्यायचं.

जमना पीत असे आणि मनातल्या मनात म्हाताऱ्याच्या सात पिढ्या उद्धरत असे. तशी ती कोणालाच मोजत नव्हती. गरम वाळूनं शेक म्हणणाऱ्या शेजारणी अडाणी, मंतरलेला दोरा बांधणारा नवशा भगत लबाड आणि धाकटी जाऊ प्रेमला तर नुसती मूग गिळून बसलेली. एडवणची पोरगी, बोलत नाही म्हणजे हिचा डोळा आपल्या जागेवर आहे, हे जमनाचं पक्कं ठरलेलं होतं.

जागा म्हणजे बोईसरच्या बाजारातली, सासूपासून चालत आलेली. तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम निघाल्यापासून घाटावरचे कामगार बाजारात लोटत होते. बांगडा कुठला नि बोंबील कुठला हे त्यांना कळत नसे, पण खात दणकून. अशी जागा दोनचार बाजार रिकामी राहिली की दुसरीची टोपली येऊन बसे आणि मग उठत नसे. विळीवर पाय देऊन मासे कापायचे तर गुडघा दुमडायला हवा, आणि जमनाचा तो आता दुमडेना.

गुडघ्याचं रडगाणं तिनं गावभर गायलं होतं. पोटाचं मात्र कोणाला सांगितलं नव्हतं. वर्षभर शौचावाटे रक्त जात होतं. पहाटे बायका घोळक्यानं खाडीकडे निघत, तेव्हा ती काहीतरी निमित्त काढून मागे राही आणि मग एकटीच जाई. पोट वाहतंय म्हटल्यावर तिच्या हातचं म्हावरं कोण घेणार होतं?

गेल्या अवसेच्या एरंडेलानं ती अशी धुऊन निघाली की उठता येईना. गुडघे आणखी फुगले. शेवटी तिच्या नवऱ्यानं, वामननं, बैलगाडी जुंपली आणि प्रेमलाला सोबत देऊन तिला बोईसरच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. तो गाडीपाशीच बिडी ओढत राहिला.

डॉक्टरीणबाईंनी गुडघे दाबून पाहिले आणि विचारलं, "पोट कसं आहे?"

"गुडघे दाखवायला आलोय," जमना म्हणाली. "पोट बरं हाय." दुखतं कुठं नि ही विचारते काय, ही बाई शिकली तरी कशाला, असं तिला वाटलं.

"बरं नाय," प्रेमला म्हणाली. "रगत जातं. वरीस झालं. खाडीवर ही बसते त्या जागी मी पायलंय."

जमनाला वाटलं, गेली जागा. इथंच या मुलखाच्या मुकीला वाचा फुटायची होती.

प्रेमलानं अवसेच्या एरंडेलाचंही सांगून टाकलं. शौच तपासायला गेलं, नळी घालून आत पाहिलं गेलं, एक खेप वाढली. मग डॉक्टरीणबाईंनी समजावलं. "आतड्याला आतून सूज आहे, जखमा आहेत. ही आव नाही. हे दुखणं असलं की काहींचे सांधेही सुजतात. पोट निवलं की गुडघेही बहुतेक उतरतील. गोळ्या बरं वाटलं तरी सोडायच्या नाहीत. सूज आहे तोवर उकिडवं बसायचं नाही, पण चालणं सोडू नका. आणि ते एरंडेल कोण देतं तुम्हाला?"

"सासरा."

"त्यांना सांगा, पुरे."

परतताना वामन गाडी हाकत होता. जमना हळूच म्हणाली, "जागा पायजे होती ना तुला?"

"तुजी जागा घेऊन काय करू?" प्रेमला म्हणाली. "तू पडलीस तर बाजार माज्या गळ्यात, घर माज्या गळ्यात, नि वर तो म्हातारा पण. मला नको, वयनी."

जमनाला हे पटलं. इतकं खरं त्या घरात कोणी बोललं नव्हतं.

पुढच्या बाजारी जमना खोक्यावर बसली आणि विळीवर प्रेमला. कोळीण खुर्चीत बसते म्हणून बायका फिदीफिदी हसल्या. जमनानं सगळ्यांचा उद्धार केला आणि टोपली रिकामी करूनच उठली. रक्त हळूहळू कमी झालं, गुडघ्यांवरच्या सुरकुत्या पुन्हा दिसू लागल्या.

अवस आली. धर्माजीनं सगळ्यांसमोर वाटी पुढे सरकवली.

"मी नाय पिणार, बाबा," जमना म्हणाली. "माज्या पोटातनं वरीसभर रगत गेलं. गुडघे त्याच्यापायी सुजले. तुमच्या औषधानं ते आणखी पेटत होतं."

वामन खाली बघू लागला. बाईनं असलं चारचौघांत बोलायचं म्हणजे काय, म्हणून म्हातारा गुरगुरला. "माजं औषध कदी कोणाला बाधलं नाय."

"मंग तुमीच घ्या," प्रेमला म्हणाली. "तुमचा पण गुडघा धरतो ना."

धर्माजीनं वाटी उचलली. नाकाशी नेली. सकाळी त्याला होडीवर जायचं होतं, आणि या औषधात काय आहे ते त्याच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? त्यानं वाटी तशीच खाली ठेवली आणि बाहेर जाऊन बसला.