झाकणावरचं मेण

मित्रांनो, मी चिनी मातीची एक जुनी बरणी आहे. खांद्यापर्यंत तपकिरी, खाली पांढरट, आणि तळाशी एक टवका उडालेला. वसईजवळच्या सांडोर गावात, केळीच्या वाडीला लागून असलेल्या एका घरात माझं आयुष्य गेलं. कुठल्या भट्टीत मी भाजली गेले ते आठवत नाही. आठवतो तो फ्रेडरिकचा हात. होळीच्या बाजारात त्याने मला टिचकी मारली, कान लावून नाद ऐकला आणि म्हणाला, "ही टिकेल."

त्या मे महिन्यात त्याच्या मुलाचं, पीटरचं, सेलिनाशी लग्न झालं होतं. मागच्या दारचं जांभूळ पिकलं, तेव्हा फ्रेडरिकने जांभळं कुस्करून, साखर, थोडे गहू आणि दालचिनी घालून वाईन केली आणि गाळून माझ्यात भरली. त्यांच्या घरची रीतच होती. लग्नाच्या वर्षी भरलेली वाईन लग्नाला पंचवीस वर्षं झाली की उघडायची. झाकणाच्या कडेने त्याने मेण ओतलं आणि सगळ्यांना बजावलं, "तोवर हिला कोणी हात लावायचा नाही. मी असेन, नसेन. पहिला घोट पीटर-सेलिनाचा."

त्याची बायको इनेझ हसली. "तुम्हीच आधी उघडाल! नाताळच्या करंज्या कोण संपवतं लपून?"

पहिली वर्षं सुखाची गेली. काळोख्या खोलीत मी थंड जमिनीवर बसून असे. पोटातली वाईन सावकाश मुरत होती. पाहुणे आले की फ्रेडरिक त्यांना माझ्यापाशी आणायचा आणि मी लग्नातल्या करवलीसारखी मिरवायचे.

मग नव्वद साल उलटलं आणि फ्रेडरिक गेला.

घरातली माणसं मला हळूहळू विसरली. मुलं माझ्यावर दप्तरं टाकू लागली. विसरली नाही ती एकटी इनेझ. दोन नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, ती फ्रेडरिकच्या कबरीवर मेणबत्त्या लावून आली आणि माझ्यासमोर बसली. मग तिने सुरीने मेण खरवडलं, झाकण उचललं आणि डोळे मिटून वास घेतला. "तुमचाच हात," ती पुटपुटली. मग कबरीवरून आणलेली मेणबत्त्यांची थोटकं वितळवून तिने मला पुन्हा बंद केलं.

मित्रांनो, मला वाटलं, एकदाच तर आहे. पण पुढच्या वर्षी ती पुन्हा आली. त्याच्या पुढच्याही. आता वासाबरोबर तिला काळजीही लागली होती. वाईन बिघडली तर नसेल? फ्रेडरिकचा शब्द आपल्या हातून मोडणार तर नाही? ती पाहायला उघडायची, आणि उघडली की हवा आत शिरायची. मला आत एक बारीक, टोचरा आंबटपणा जाणवू लागला. बरणीला तोंड असतं, मित्रांनो, पण बोलता येत नाही. नोव्हेंबर जवळ आला की माझा जीव घाबरा व्हायचा.

शेजारच्या जयवंतीने एकदा तिला पकडलंच. "अगो इनेझ, सारखं झाकण काढलंस तर लोणचंपण नासतं. ही तर वाईन!"

"मी फक्त बघते गं."

"बघून बघूनच वाट लावशील!"

इनेझ रागावली. दोघी आठवडाभर बोलल्या नाहीत. पुढच्या नोव्हेंबरला तिने आधी दाराला कडी लावली आणि मग मला उघडलं.

दोन हजार चारच्या मे महिन्यात तो दिवस आला. सकाळी चर्चमध्ये मिस्सा झाली, अंगणात मांडव भरला. मला धुऊन-पुसून टेबलावर ठेवलं, गळ्यात मोगऱ्याचा गजरा घातला. सगळे माझं कौतुक करत होते, पण पोटात काय आहे ते मलाच ठाऊक होतं. इनेझ पहिल्या रांगेत बसली होती. तिची बोटं रुमालाचं टोक पिळत होती.

पीटर मेण खरवडू लागला. एक थर निघाला, त्याखाली दुसरा. पिवळा, पांढरा, मग पुन्हा पिवळा. "बाबांनी एवढं मेण लावलं होतं?" तो हसत म्हणाला. मग त्याला मेणात अडकलेली काळी वात दिसली आणि त्याचं हसू थांबलं. त्याने आईकडे पाहिलं.

झाकण निघालं. त्याने पेला भरला, घोट घेतला आणि त्याचं नाक किंचित आक्रसलं. "मस्त आहे, आय."

"खोटं बोलू नको," इनेझ म्हणाली. "बापासारखंच तुझं नाक आधी सांगतं." तिने उठून पेला ओढून घेतला आणि चाखला. "वाईनचा आंबट शिरका झाला. मी केला. दर वर्षी उघडत होते रे मी."

आता मला गटारात ओततील, असंच मला वाटलं.

तेवढ्यात सेलिना पुढे आली. तिने सासूच्या हातातला पेला घेतला, वेडंवाकडं तोंड करत एक घोट घेतला आणि उरलेला पीटरच्या हातात दिला. "बाबांनी काय सांगितलं होतं? पहिला घोट आमचा. झाला की नाही? उरलेल्यात उद्या मटणाचं तिखट-आंबट इंद्याल करू. असला शिरका बाजारात मिळायचा नाही."

"मटण मऊ होईल, पण खाणाऱ्यांचे दात आंबतील!" मागून जयवंती ओरडली. पहिली हसली ती इनेझच, रडता रडता.

त्याच जूनमध्ये मला उकळत्या पाण्याने धुतलं, उन्हात पालथं घातलं आणि त्याच वर्षी लग्न झालेल्या थोरल्या नातवासाठी नवी वाईन भरली. या वेळी मेण ओतून झाल्यावर इनेझने मला डोक्यावर नाही, चक्क कडेवर घेतलं आणि जयवंतीच्या घरी नेऊन ठेवलं. "तुझ्याकडेच राहू दे. मी मागितली तरी देऊ नको."

मित्रांनो, ज्याच्यावर तुमची माया असेल, त्याची काळजी जरूर घ्या. पण त्याला थोडं अंधारात, थोडं एकटंही राहू द्या. मुरायला वेळ लागतो.

आजही दोन नोव्हेंबरला इनेझ येते. जयवंती चहा करायला आत जाते, पण दार उघडंच ठेवते. इनेझ माझ्याशेजारी बसते, झाकणावर हात ठेवते. मी श्वास रोखून धरते. तिची बोटं मेणाच्या कडेवरून एकदा फिरतात, थांबतात.

मग ती हात उचलून मांडीवर घेते.