फौजी डब्याचं झाकण

धूलकोटच्या गिरधर पाटलाकडं एक फौजी डबा होता. लढाई संपल्यावर सरकारनं भंगारात काढलेला, चपटा, चौकोनी, वर एकीला लागून एक अशा तीन मुठी. तो घरी आला त्या दिवशी गिरधरची बायको रंभाबाई कामं टाकून त्याच्यापुढं बसली होती. झाकणाला एक खटका. तो दाबला की झाकण कडक बसायचं आणि उचलला की टक् करून उघडायचं. तिनं ते इतक्या वेळा करून पाहिलं, की गिरधर म्हणाला, "अगं, झिजवशील."

विहिरीवरचं इंजन घासलेटावर चालायचं आणि इंजनावर केळीची बाग. घासलेट मिळायचं परमिटावर, तेही बुऱ्हाणपूरला. बैलगाडीनं दोन दिवसांची वाट. गाडी हाकायचा उखर्डू. रंभाबाईच्या सासऱ्याच्या वेळेपासून तो या घरचा गाडीवान.

दसऱ्यानंतरच्या पहिल्याच खेपेला डबा चार बोटं रिता आला. गिरधर म्हणाला, वायसर गेला असेल. पुढच्या खेपेला तो स्वतः गाडीबरोबर गेला, बोहरी बाजारातल्या तय्यबभाईकडून झाकणाचा रबरी वायसर बदलून घेतला, डबा भरून गाडीत घातला आणि कापसाच्या सौद्यासाठी मागं थांबला. डबा आला तो पुन्हा तेवढाच रिता.

मग मात्र गावात बोलणं सुरू झालं. त्या साली संस्थानं एकेक करून मोडत होती, तरी धूलकोटच्या पुढं होळकरी हद्दीचा नाका अजून उभा होता, आणि नाक्यापलीकडं घासलेटाला चढा भाव मिळतो असं जो तो सांगत होता. गावकरी बसायला जमत त्या देवरामच्या ओट्यावर चार माणसांसमोर गिरधर बोलून गेला, "वायसर नवा, डबा लोखंडाचा, मग तेल पितं कोण? या खेपेला कमी भरलं तर उखर्डूनं बैलांचे कासरे माझ्या हातात द्यावे."

उखर्डूनं ते ऐकलं. त्या दिवशी तो भाकर घ्यायला मागच्या दारी आला नाही.

रंभाबाईचं कार्तिकस्नान चालू होतं. दिवसभर उपास, संध्याकाळी दिवा लागला की मगच अन्न. तिनं नवऱ्याला हळूच म्हटलं, "मला तापीच्या राजघाटावर एक बुडी मारायची आहे. गाडी जातेच आहे, मी जाते." गिरधरनं मान डोलावली. बायको देवाला चालली, एवढंच त्याला वाटलं. रंभाबाईला तापीचं स्नान हवं होतंच. पण तेल कुठून जातं, हा प्रश्नही तिला झोपू देत नव्हता.

स्नान आटोपून ती तय्यबभाईच्या दुकानी गेली. पांढरी दाढी, सोनेरी काठाची टोपी, समोर खिळे-बिजागऱ्यांचे लाकडी कप्पे. तय्यबभाईंनी डबा गुडघ्यांत धरला.

"रंभाबेन, असे डबे दोन जातचे येतात. एकाचं झाकण फिरकीचं, एकाचं खटक्याचं. लोक काय करतात, याचा वायसर त्याला लावतात, मग टपकतं. तुमचा खटक्यावाला आहे आणि वायसर मीच घातला, सही आहे." त्यांनी झाकण उघडून बोटानं गळ्याच्या आत दाखवलं. "ही बारीक नळी पाहिली?"

"ही कशाला?" रंभाबाईनं पदर सावरून आत डोकावलं.

"डबा श्वास घेतो इथून. तेल बाहेर, हवा अंदर. नळी नसती तर ओतताना भक् भक् करून अंगावर आला असता."

रंभाबाई हसली. लोखंडाच्या डब्याला नाक असतं हे तिला फार आवडलं. "मग त्या नाकातून तर जात नसेल तेल?"

"नाही जात. झाकण बंद तर नाक बंद." मग त्यांनी खटका हलवून पाहिला. "मात्र ही खीळ घासली आहे. झाकण थोडं डुलतं. ही बदलू."

कप्प्यांतून खिळी निघाल्या. एक जाड, एक आखूड, एकीचं डोकं मोठं. तिसरी बरोबर बसली. तय्यबभाईंनी डबा पाण्यानं भरला, झाकण लावून उलटा टांगला. एक थेंबही पडला नाही.

उखर्डू दाराशी उभा होता. तो जमिनीकडं बघत म्हणाला, "मागच्या खेपीलेबी असाच टांगला व्हता. तवाबी नव्हता गळत."

पाणी ओतून, डबा कपड्यानं कोरडा करून तय्यबभाईंनी शेवटी एक काम फार जपून केलं. खांडेनवमीला रंभाबाईनं हत्यारांची पूजा केली तेव्हा या डब्यालाही हळदकुंकू लावून लाल नाडा बांधला होता. खटक्याला पाच वेढे, आणि आतल्या तेलालाही पूजा पोचावी म्हणून एक टोक झाकणाखालून आत सोडलेलं. तपासणीसाठी तय्यबभाईंनी ते टोक बाजूला घेतलं होतं. आता त्यांनी ते होतं तसं पुन्हा आत सोडलं आणि खटका दाबला. "पूजेचा आहे," ते म्हणाले, "आम्ही नाही तोडत."

रंभाबाईला बरं वाटलं.

घासलेट भरलं, डबा नेहमीप्रमाणं गाडीत आडवा घातला, कारण उभा ठेवला तर दगडावर चाक चढताच कलंडायचा. शहर मागं पडलं. रंभाबाई डब्याकडं तोंड करून बसली. दुपार कलायला आली तेव्हा तिला झाकणाशी, गाडीत अंथरलेल्या गवतावर लालसर डाग दिसला. तिनं बोट लावलं. बोट लाल झालं. नाकाशी नेलं तर घासलेट.

तिनं उखर्डूला गाडी थांबवायला सांगितलं आणि वाकून पाहत राहिली. नाड्याच्या बाहेरच्या टोकाला थेंब जमत होता. फुगला, लांबला, पडला. पुन्हा जमला. रोज सकाळी ती देवासाठी वाती वळायची. वात तेल कशी वर ओढते हे तिला कुणी शिकवायला नको होतं. इथं तर ओढायचीही गरज नव्हती. वायसर आणि लोखंड यांच्या मधोमध सूत आडवं, आणि वरून डबाभर तेलाचा भार.

"उखर्डूभाऊ," ती म्हणाली, "हे माझंच काम निघालं."

उखर्डू उतरून आला. बघत राहिला. मग एकदम म्हणाला, "तोडा ना मंग बाई. परमिटाचं तेल चाललं मातीत."

रंभाबाईनं हात पुढं केला आणि थांबली. पूजेचा नाडा आपोआप गळून पडेपर्यंत तोडायचा नाही, हे तर होतंच. पण ते तिनं मनातल्या मनात देवाशी बोलून मिटवलं असतं. अडचण वेगळी होती.

"तोडला तर डबा भरलेला पोचेल," ती म्हणाली. "मग हे म्हणतील, या खेपेला बायको गाडीत होती, म्हणून उखर्डूचा हात लागला नाही."

उखर्डूनं डोक्याचं फडकं काढून तोंड पुसलं. "अन् नाही तोडला तर डबा रिता. मंग मी चोर हाओच."

"मातीत जाऊ द्यायचं नाही ना पण." तिनं फराळाचा कटोरा रिकामा करून झाकणाखाली गवतात रोवला.

कटोरा भरत आला की ती तो कंदिलाच्या बाटलीत ओतायची. बाटली भरल्यावर उखर्डूनं आपला पाण्याचा गडवा दिला. दोन दिवस दोघं थेंबांवर लक्ष ठेवून होती. उतार लागला की थेंब भराभर पडत, चढावर रेंगाळत. रंभाबाई ते मोठ्या कौतुकानं बघायची, आणि मधूनच उखर्डूचा चेहरा बघून तिला आपल्या कौतुकाची लाज वाटायची.

दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी दारात आली. गिरधरनं रामराम न करता डबा उभा केला, झाकण उघडलं आणि भरल्या डब्याची खूण केलेली बाभळीची काडी आत घातली. काडी खुणेखाली चार बोटं कोरडी. त्यानं उखर्डूकडं पाहिलं, तोंड उघडलं.

"अहो, आधी हे ओता," रंभाबाई म्हणाली.

बाटली, गडवा, कटोरा. तिन्ही ओतून झाल्यावर तिनं काडी नवऱ्याच्या हातात दिली. या वेळी ती खुणेपर्यंत ओली निघाली. मग तिनं नाड्याचं टोक होतं तसं आत सोडलं, खटका दाबला आणि उखर्डूला डबा आडवा करायला सांगितला. तिघंही बसून राहिली. कोंबड्या येऊन गेल्या. टोकाला थेंब जमला, लांबला, पडला.

गिरधरनं थेंबाखाली बोट धरलं, वास घेतला. मग म्हणाला, "असं आहे होय." मग म्हणाला, "बैल सोड उखर्डू, भाकर खाऊन घे." आणि नाडा तोडायला त्यानं खिशातली कात्री काढली.

"थांबा मालक," उखर्डू म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "तुम्ही मले इथं नाही बोलले. देवरामच्या ओट्यावर बोलले, चार माणसाइच्या देखत. त्याइलेबी दाखवा. मंग तोडा."

गिरधरनं बायकोकडं पाहिलं. रंभाबाईनं नजर खाली घेतली, पण मधे पडली नाही.

"आत्ता सगळे कामावर असतील," गिरधर म्हणाला.

"देवराम असन. बाकीचे येतीन. मी बसतो."

कात्री खिशात गेली. गिरधरनं टोपी घातली आणि डबा उचलायला वाकला. उखर्डूनं सवयीनं दुसऱ्या मुठीला हात घातला, तर गिरधर म्हणाला, "राहू दे. मी नेतो." भरलेला डबा एकट्याला जड होता. तो एका अंगावर कलून चालू लागला, आणि उखर्डू रिकामा कटोरा घेऊन त्याच्या मागून निघाला. ओट्यावर गेल्यावर पहिला शब्द काय काढायचा, हे वाटेत गिरधरला सुचेल की नाही, याचा विचार करत रंभाबाई दारात उभी राहिली.