आभारापुरता उरलेला माइक

मी माइक आहे, आणि तोही वायरचा. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कोणी नाक मुरडायला नको. माझ्या डोक्यावरच्या जाळीला दोन ठिकाणी पोचे आलेत आणि अंगावरचा काळा रंग बराच उडालाय. दोह्यातल्या आमच्या मराठी मंडळात मला सगळे 'तो जुना' म्हणतात. मित्रांनो, जन्मभर मी दुसऱ्यांचं बोलणं मोठं करून सांगितलं. स्वतःबद्दल बोलायची ही पहिलीच वेळ, तेव्हा जरा सांभाळून घ्या.

माझा जन्म मुंबईतल्या एका लहानशा कारखान्यात झाला. एका बाईंनी केसाएवढ्या बारीक तारेचं वेटोळं माझ्या आतल्या पडद्याला चिकटवलं, मग मला तोंडाशी धरून त्या म्हणाल्या, "हॅलो." मी ऐकलेला तो पहिला शब्द. १९९६ साली अनंतरावांनी मला लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानातून घेतलं. अनंतराव मूळचे नाशिकचे. दोह्यात एका तेल कंपनीत ते विजेच्या कामाचे फोरमन होते. विमानतळावर अधिकाऱ्यानं मला उलटंसुलटं करून बघितलं आणि हे काय म्हणून विचारलं. अनंतरावांना अरबी येत नव्हतं. त्यांनी मला तोंडापाशी धरलं आणि जोरात "हॅलो, हॅलो" केलं. अधिकारी हसला, "यल्ला, यल्ला", म्हणजे चला निघा, म्हणाला, आणि मी कतारमध्ये दाखल झालो.

तेव्हा मंडळात जेमतेम पंचवीस घरं होती. फरीज बिन ओमरान भागातल्या अनंतरावांच्या इमारतीच्या गच्चीवर कोजागरी व्हायची. कविता, नाट्यछटा, बायकांचे उखाणे, मुलांची बडबडगीतं, सगळं माझ्यातून गेलं. एक गृहस्थ दर वर्षी 'एकच कविता म्हणतो' म्हणून उभे राहायचे आणि सात म्हणून खाली बसायचे. मला काय, मी ऐकून घेत होतो! कार्यक्रम संपला की अनंतराव मला बायकोच्या, म्हणजे नीलांबरीकाकूंच्या, जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळायचे आणि कपाटात चादरींच्या घडीवर ठेवायचे. एवढी बडदास्त अँप्लिफायरचीसुद्धा नव्हती.

आता मुख्य गोष्ट सांगतो. मराठी माणसाच्या कार्यक्रमात शेवटी आभारप्रदर्शन असतं. तुम्हीही पाहिलं असेल. 'आता आभारप्रदर्शन' असं म्हटलं की खुर्च्या सरकायला लागतात, कारण त्यानंतर जेवण असतं. पहिल्या वर्षी आभार मानायला कोणी तयार होईना, म्हणून अनंतराव उभे राहिले. तेव्हापासून ते काम त्यांच्याच गळ्यात पडलं. पण त्यांनी ते कधी उरकलं नाही. पुष्कळ लोक 'आभार मानण्यापेक्षा मी त्यांच्या ऋणातच राहणं पसंत करीन' असं म्हणून सुटतात. अनंतरावांना ते वाक्य अजिबात खपायचं नाही. "ऋणात राहायचं तर खुशाल राहा, पण नाव तर घ्या माणसाचं!" असं ते म्हणायचे. त्यांच्या यादीत हॉल झाडणाऱ्या सिताराबाई असत, पुऱ्या लाटणाऱ्या सगळ्या बायका असत, गाडी लावायला जागा देणारे शेजारचे दुकानदारही असत. समोर रिकाम्या खुर्च्या असल्या तरी प्रत्येक नावापुढे 'यांचे मंडळ मनःपूर्वक आभारी आहे' म्हणत ते शेवटच्या नावापर्यंत वाचायचे.

२०१० साली वर्ल्ड कप कतारला मिळाला आणि शहर खणायला घेतलं. मेट्रो, रस्ते, स्टेडियम, एकदमच सगळं. आज जिथून गाडी गेली तिथे उद्या पत्रे ठोकलेले असायचे. पुण्या-मुंबईहून इंजिनिअर आले, आयटीवाले आले, आणि मंडळ तीनशे घरांचं झालं. गच्ची पुरेना, म्हणून अल रय्यानला एका शाळेचा हॉल भाड्यानं घेऊ लागले. आवाजाची व्यवस्था पियूषकडे गेली. हा पियूष आयटीतला, द पर्ल या महागड्या वस्तीत राहणारा, हुशार आणि घाईतला मुलगा. त्यानं चार कॉर्डलेस माइक आणले. ते दिसायला देखणे होते, खोटं कशाला बोलू? माझी रवानगी पेटीत झाली.

फक्त आभाराला मला बाहेर काढायचे. तेवढाच काय तो मान! एकदा पियूषला मी स्वतःच्या जाळीनं ऐकलं. तो म्हणाला, "आभाराला जुनाच दे रे. कॉर्डलेसची बॅटरी कशाला घालवायची? कोण ऐकतंय?" मला राग आला. माझ्यापेक्षा अनंतरावांसाठी जास्त आला.

२०१८च्या नोव्हेंबरमध्ये अनंतरावांची नोकरी संपली. साठी झाली, व्हिसा संपणार, आता कायमचं नाशिकला. इथे हे असंच असतं. बावीस वर्षं राहिलेला माणूस दोन सुटकेसमध्ये मावतो आणि निघून जातो. मंडळाचं दिवाळी संमेलन बावीस तारखेच्या गुरुवारी होतं आणि त्यांचं विमान दुसऱ्या दिवशी सकाळी.

त्या वर्षी कमिटीनं ठरवलं की सगळं निवेदन मुलांनी करायचं. आभार गार्गीकडे आले. गार्गी म्हणजे अनंतरावांच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या नमिता आणि मिहीर यांची अकरा वर्षांची मुलगी. मराठी तिला सगळं समजायचं, पण उत्तर इंग्रजीतून यायचं. अनंतराव मला घरी घेऊन आले आणि रोज संध्याकाळी तिची तालीम घेऊ लागले. ती जेवणाच्या टेबलापाशी उभी राहून मला दोन्ही हातांनी धरायची आणि यादी वाचायची.

"काका, funny आहे," एक दिवस ती म्हणाली. "आमच्या शाळेत पण सेम टॉपिक आहे. थँक्सगिव्हिंग, म्हणजे अमेरिकेतला थँक्यू म्हणायचा सण, कसा सुरू झाला. माझी टीचर अमेरिकन आहे ना. आणि यंदा ते आपल्याच प्रोग्रॅमच्या दिवशी येतंय."

"मग सांग की मला. मराठीत सांग," अनंतराव म्हणाले.

गार्गीनं सांगितलं ते असं. चारशे वर्षांपूर्वी इंग्लंडहून काही लोक बोटीनं अमेरिकेला गेले. पहिल्याच हिवाळ्यात त्यांच्यातली निम्मी माणसं मेली. तिथे आधीपासून राहणाऱ्या लोकांनी त्यांना मका लावायला शिकवलं. पुढच्या वर्षी पीक आलं, तेव्हा दोघांनी मिळून तीन दिवस जेवण केलं. पण सण काही लगेच झाला नाही. दोनशे वर्षं कोणी कधी, कोणी कधी तो दिवस पाळायचे. मग एका मासिकाच्या संपादक बाईंनी देशभर एकच दिवस हवा असं मनावर घेतलं. वर्षानुवर्षं त्या पत्रं लिहीत राहिल्या. एका राष्ट्राध्यक्षानं ऐकलं नाही की पुढच्याला. शेवटी १८६३ साली, देशात आपसातलं युद्ध चालू असताना, तो दिवस जाहीर झाला.

"आणि मका शिकवणाऱ्यांचं काय झालं?" अनंतरावांनी विचारलं.

"त्यांची जमीन गेली, काका. टीचर म्हणाली, त्यांच्यातले काही लोक अजून त्या दिवशी sad असतात. ते सेलिब्रेट नाही करत."

अनंतराव म्हणाले, "आणि त्या पत्रं लिहिणाऱ्या बाई? त्यांचे आभार कोणी मानले का गं?"

"माहीत नाही." गार्गीनं हातातली यादी पुन्हा वरपासून खालपर्यंत बघितली. "काका, तुमचं नाव कुठेय?"

"माझं कशाला? यादी मीच करतो. स्वतःचं नाव स्वतः घालू? लोक हसतील."

"मग दुसऱ्या कोणी घातलं? एव्हर?"

"चल, पुढे वाच. सिताराबाईंच्या नावावर अडखळतेस तू."

त्या दिवशी गार्गीनं घरी जाऊन आईला विचारलं असावं. कारण दुसऱ्या दिवशी येऊन ती रागानं म्हणाली, "आई म्हणते, काका घरचेच आहेत. घरच्यांचे आभार मानत नाहीत." नीलांबरीकाकू भांडी कागदात गुंडाळत होत्या. त्या म्हणाल्या, "बरोबरच आहे गं. आपल्यात नाही तशी पद्धत." पण हातातली वाटी त्यांनी जरा जोरातच ठेवली.

मित्रांनो, पुढचं फक्त मला ठाऊक आहे. त्याच आठवड्यात शुक्रवारी दुपारी काकू खाली दुकानात गेल्या होत्या. अनंतराव एकटेच होते. त्यांनी मला पुसायला घेतलं. वायर लावलेली नव्हती, म्हणजे माझ्यातून बाहेर काही जाणार नव्हतं. त्यांनी मला तोंडाशी धरलं आणि हळूच म्हणाले, "श्री. अनंतराव यांचे मंडळ मनःपूर्वक आभारी आहे." मग दाराकडे बघितलं, स्वतःशीच "चल, काहीतरीच" म्हणाले आणि मला पटकन गुंडाळून टाकलं. त्यांना ते एकदा, फक्त एकदा, ऐकायचं होतं. मी ऐकलं, पण मी पडलो माइक. कोणाला सांगणार? ती दुपार मला फार जड गेली.

संमेलनाच्या दिवशी गार्गीनं त्यांना पुन्हा विचारलं, "मी तुमचं नाव घेऊ?" अनंतराव एकदम करड्या आवाजात म्हणाले, "यादीत आहे तेवढंच वाचायचं. भर घालायची नाही. समजलं?" ती मान खाली घालून "ओके" म्हणाली.

कार्यक्रम झकास झाला. मुलांनी किल्ल्यावरचं नाटक केलं, लावणी झाली, एका इंजिनिअर काकांनी गझल म्हटली. मग आभार आले आणि मला स्टँडवर चढवलं. खुर्च्या करकरू लागल्या. बाहेर श्रीखंड-पुरीची रांग लागली होती, वास आतपर्यंत येत होता. गार्गी न अडखळता वाचत गेली. सिताराबाईंचं नावसुद्धा छान घेतलं. निम्मा हॉल उभा होता. अनंतराव एका कडेला वायर गुंडाळायच्या तयारीत होते, नेहमीसारखे.

यादी संपली. गार्गीनं कागदाची घडी केली आणि म्हणाली, "अजून एक नाव आहे."

आणि नेमका तेव्हाच मी दगा दिला. ज्या टोकाला वायर मला जोडलेली असते तिथे आतून ती तुटत आली होती. म्हाताऱ्या माणसाचं गुडघ्याचं दुखणं असतं तसं ते माझं दुखणं. गार्गीनं मला स्वतःकडे वळवलं आणि स्पीकरमधून असा काही 'खर्रर्र' आवाज निघाला की रांगेतली माणसंही मागे वळली. मग आवाज पार बंद. गार्गीचे ओठ हलत होते, पण पहिल्या रांगेच्या पलीकडे काही पोचत नव्हतं. मेलो तरी चाललं असतं, पण आत्ता नको, असं मला झालं.

पियूष कॉर्डलेस शोधू लागला. पण ते त्यानं आधीच पेटीत भरून, कुलूप लावून, गाडीत नेऊन ठेवले होते. माझी दुखरी जागा कुठे आहे हे हॉलमध्ये एकाच माणसाला माहीत होतं. तो माणूस सवयीनं धावत आला, स्टँडपाशी गुडघ्यांवर बसला आणि माझ्या बुडाशी वायर अंगठ्यानं घट्ट दाबून धरली. आवाज परत आला.

"बोल आता," अनंतराव खालून म्हणाले. कोणाचं नाव येणार आहे हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं.

"बावीस वर्षं," गार्गी म्हणाली, "अनंतकाका सगळ्यांना थँक्यू म्हणाले. त्यांना कोणीच म्हणालं नाही."

"गार्गी, बास. खलास," अनंतराव पुटपुटले. पण मी चालू होतो, त्यामुळे तेही सगळ्यांना ऐकू गेलं. हॉल हसला. त्यांना उठून जायचं होतं, पण अंगठा काढला असता तर पोरीचा आवाज गेला असता. आणि बोलणाऱ्याचा आवाज घालवणं हे त्या माणसाला उभ्या जन्मात जमलं नसतं. ते तसेच बसून राहिले.

"काका, हलू नका," गार्गी म्हणाली. तिचं मराठी मोडकं होतं, पण थांबत नव्हतं. "आई म्हणते घरच्यांचे आभार मानत नाहीत. सगळ्यांच्याच घरी असंच म्हणत असतील. म्हणून काकांचं नाव राहिलं. उद्या काका जाणार. म्हणून आज सांगते. श्री. अनंतराव यांचे मंडळ मनःपूर्वक आभारी आहे."

रांगेतल्या लोकांनी ताटल्या खाली ठेवल्या आणि टाळ्या वाजवल्या. पहिल्या रांगेत नीलांबरीकाकू रडत होत्या आणि हसतही होत्या. अनंतरावांनी अंगठा काढला नाही, म्हणून टाळ्यांचा आवाजही माझ्यातून घुमत गेला. बराच वेळ तो थांबला नाही.

पियूष येऊन त्यांच्या शेजारी बसला. "काका, सोडा आता. तिचं झालंय बोलून." अनंतरावांनी मान हलवली, पण वायर सोडली नाही. मग पियूषनं आपला हात त्यांच्या हाताखाली दिला आणि तोही तिथेच बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या विमानानं अनंतराव नाशिकला गेले. पुढच्याच आठवड्यात पियूषनं माझी वायर कापून नवी जोडली. बरं काम केलं पोरानं. मित्रांनो, माझं मागणं मोठं नाही. माझ्यासारख्या जुन्या वस्तू फेकण्याआधी एकदा उघडून बघा, बहुतेक वेळा एखादी तारच निसटलेली असते. आणि तुमच्या घरात, वर्गात, सोसायटीत सगळ्यांची नावं लक्षात ठेवणारं कोणीतरी असेल. त्याचं नाव यादीत तुम्हीच घाला, कारण तो स्वतः घालणार नाही. ते नाव घेताना खुर्चीवरून उठू नका. जेवण काय, पाच मिनिटांनीही गरमच असतं.