वकिलांची बिनछपराची मोटार

मित्रांनो, पोलीस चौकीमागच्या बाभळीखाली गंजत पडलेली ही लाल मोटार म्हणजे मी. माझा जन्म दुसऱ्या महायुद्धाच्या आधी अमेरिकेत झाला. श्रीरामपूरच्या शामकांत वकिलांनी मला हौसेने घेतले. पंधरा वर्षे मी त्यांना कोर्टात पोहोचवले. मग दारात नवी मोटार आली आणि माझी रवानगी कडब्याच्या शेडमध्ये झाली. माझ्या गादीवर कोंबड्या अंडी घालू लागल्या.

एकाहत्तर साली वकिलांचा मुलगा मार्तंड पुण्याचे कॉलेज सोडून घरी आला. मानेवर रुळणारे केस आणि बापाशी रोज वाद. त्याच्याजवळ एक अमेरिकन मासिक होते. त्यात लिहिले होते की महायुद्धानंतर तिकडच्या पोरांनी माझ्यासारख्या जुन्या गाड्यांची छपरे कापली, मडगार्ड काढून फेकले, इंजिने उघडी ठेवली आणि वडीलधाऱ्यांच्या नाकावर टिच्चून त्या पळवल्या. मार्तंडलाही तसेच करायचे होते.

घडवले मात्र मला गोरक्षने. तो गॅरेजमधला मिस्त्री. पाच महिने त्याने सुट्टीचा एकेक दिवस मला दिला. पत्रा कापताना तो पुटपुटायचा, "दुखंल थोडं, पर लई झ्याक दिसशीन." आईच्या चुलीतला जाळ बघून बघून त्याने माझ्या बॉनेटवर ज्वाळा रंगवल्या. लोक बघायला जमले तेव्हा मार्तंड म्हणाला, "डिझाईन माझं!" गोरक्ष हात पुसत मागेच उभा राहिला.

मला मित्रांना दाखवायची मार्तंडला भारी घाई. गोरक्ष म्हणाला, "दादा, ब्रेक अजून धरीत न्हाईत. दोन दिस थांबा." मार्तंड हसला आणि त्याला शेजारी बसवून निघाला. नेवासे रस्त्यावर पुढे उसाची बैलगाडी चालली होती. मी थांबू शकले नाही. धडकेने गाडीवान भिमाजी खाली पडला आणि त्याचा पाय बैलगाडीच्या चाकाखाली चिरडला. त्याची पाठ आमच्याकडे होती. मला कोण चालवत होते, हे त्याने पाहिले नाही.

पोलिसांच्या आधी वकील पोहोचले.

"लायसन कोणाकडे आहे? तुझ्याकडे," ते गोरक्षला म्हणाले. "ब्रेक कोणी बसवले? तू. मग कोर्ट कोणाचं ऐकेल?"

"म्या न्हाई, वकीलसाहेब. दादा चालवत हुते. सांगा की, दादा!"

केसांसाठी बापाशी भांडणारा मार्तंड खाली मान घालून माझ्या ज्वाळांकडे बघत राहिला.

गोरक्षला वर्षाची कैद झाली. सुटल्यावर गॅरेजने त्याला दारात उभे केले नाही. मार्तंडने केस कापले. आता तो वकिली शिकतो.

परवा गोरक्ष मला बघायला आला. मागून कुबडी टेकत भिमाजी आला.

"खरं सांग गड्या, चालवत कोन हुतं?"

गोरक्षने माझ्या पत्र्यावरून हात फिरवला. "आता सांगून तुमचा पाय यीन का, तात्या?"

मित्रांनो, जुन्या गाड्या खुशाल कापा, रंगवा, वडीलधाऱ्यांशी भांडाही. पण धडक बसली की स्टिअरिंगवरचे आपले हात काढून तिथे दुसऱ्याचे ठेवू नका.