मंगळवारचं वजन

चिखला गावात दर मंगळवारी धान तोलायच्या काट्याभोवती पाय ठेवायला जागा नसायची. काट्यावर उभी राहायची आनंदाबाईंची एकोणीस वर्षांची लेक टीना. दोन महिने म्हणे अन्नाला शिवली नव्हती, आणि वजन दर मंगळवारी अर्धा किलोनं वाढायचं.

"हवा खाते, हवा पचवते," भय्याजी महाराज मोरपीस फिरवत सांगायचे. "देवी भरून राहिली तिच्यात." हवेनं वजन वाढत असतं तर जत्रेतले फुगे आधी जड झाले असते, पण एवढं विचारतो कोण? बाया टीनाच्या पायांवर पाणी घालत होत्या.

त्या मंगळवारी गर्दीत गावच्या दवाखान्यातली डॉक्टर हर्षाही उभी होती. तिला सगळं ठाऊक होतं, पण बोलायची चोरी होती.

आदल्या शुक्रवारी चक्कर आली म्हणून आईनं टीनाला दवाखान्यात आणलं होतं. आईला बाहेर बसवून, परकर उतरवून वजन घेतलं, तर भरलं तेहतीस किलो. परकराच्या काठात गावच्या खाणीवरचे मँगनीजचे जड खडे शिवलेले होते.

"वजन कमी दिसून आईनं खायचा धोशा लावू नये म्हणून मीच शिवले," टीना म्हणाली. "चार मुरमुरे खाल्ले तरी आतून कोणी तरी म्हणते, फुगलीस. दिवसभर म्हणते. माझ्या पायाले धागा बांधताना महाराजाच्या हाताले खडे लागले. म्हणाला, अजून दोन घाल, मी कोणाले सांगत नाही. मॅडम, आईले नोका सांगू."

"नाही सांगत. पण जीवावर आलं तर सांगावं लागेल. ते आधी तुलेच सांगीन."

टीना दवाखान्यात भरती व्हायला तयार नव्हती. तेव्हापासून हर्षाचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. त्या पोरीची थंडगार बोटं तिला अजून मनगटावर जाणवत होती. आनंदाबाई रोज विचारायच्या, "काय झालं तिले?" हर्षा म्हणायची, "तिलेच बोलू द्या. तुम्ही फक्त जवळ राहा."

"साडेसदतीस," महाराजांनी पुकारलं. टीना काट्यावरून उतरली आणि कोसळली.

"समाधी लागली. हात लावू नका," महाराज म्हणाले.

हर्षानं हात लावला. नाडी मिनिटाला चाळीसही नव्हती. ती कानाशी वाकली. "टीना, आता जीवावर आलं. आईले सांगते."

टीनाचे ओठ हलले. "आईले सांगा. लोकायले नोको."

बाजूच्या खोलीत टीनाला निजवून हर्षानं दार लावलं आणि आनंदाबाईंना सगळं सांगितलं. आनंदाबाईंनी परकराचा काठ हातात धरून एकेक खडा चाचपला. "अन् म्या हिच्या पायाचं तीर्थ घेतलं," एवढंच त्या म्हणाल्या.

पोरीला उचलून त्या बाहेर आल्या. "देवीले दवाखान्यात नेलं तर कोप होईल," महाराज म्हणाले.

"माझी पोरगी देवी नोहे. बिमार हाये."

"मंग वजन कसं वाढलं?" गर्दीतून कोणी तरी विचारलं.

"ते आमच्या घरातलं हाये. वाट सोडा."

महाराजांची नजर परकराच्या काठावर गेली. बुधवारी त्यांचा पत्ता नव्हता.

गावाला खड्यांची गोष्ट कळली ती आठ महिन्यांनी, टीनानं स्वतः ते शाळेत भरलेल्या गावसभेत टेबलावर मांडले तेव्हा. "गुपित महाराजानंही ठेवलं, मॅडमनंही," ती म्हणाली. "मी मेली असती तरी महाराजाचं काही अडलं नसतं. मॅडमनं गुपित ठेवलं ते मले जगवण्यासाठी. कोणाची पोरगी जेवत नसन तर नारळ घेऊन महाराजाकडे जाऊ नका. तिले डॉक्टरकडे न्या, अन् तिचं आयका."

आतून 'फुगलीस' म्हणणाऱ्या आवाजाचंही तिनं सांगितलं. "तो आवाज गेला काय आता?" एका बाईनं विचारलं.

"नाही. येते अजून," टीना म्हणाली. "पण आता तो आला का मी आईले सांगते. मंग आई ताटाजवळ बसते, माझं जेवण होयेपर्यंत."